गिरणीवरचे वकील

बारामतीत कोर्टाच्या मागच्या गल्लीत पिठाची गिरणी होती आणि तिच्या माडीवर आमचे वकीलसाहेब बसत. जिन्याशी पत्र्याची पाटी होती, पण तिच्यावर नाव नव्हतं. नुसतं 'वकील', आणि खाली बारीक अक्षरात 'आहेत का ते गिरणीत विचारावे'. नाव का घातलं नाही असं कुणी विचारलं की म्हणायचे, आडनाव वाचलं की माणूस जिना चढता चढताच माझी जात ठरवतो, आणि वर आल्यावर मी काय बोलतो ते ऐकत नाही. लोकांनी ती शोधायची काय कमी खटपट केली? सणाला घरात काय शिजतं, कुणाच्या लग्नाला जातात, कुणाच्या मयताला खांदा देतात, सगळं बघून झालं. ते सगळीकडं जात आणि सगळं खात. मीही शोधून पाहिलं. समोरच्याचं घराणं कळल्याशिवाय सौद्याला बसायचं नाही, ही माझी जुनी सवय. तिथं मात्र तशीच बसले.

गिरणी सुरू झाली की पीठ फळ्यांच्या फटींतून वर यायचं. कायद्याची पुस्तकं, टेबल, काळा कोट, त्यांच्या भुवया, सगळं पांढरं. अधूनमधून ते पुस्तकं गॅलरीत नेऊन गोधडीसारखी झटकायचे आणि खालून जाणारा शिव्या घालायचा. शिवी घालणाऱ्यालाही ते वरून "अहो, माफ करा" म्हणायचे. माणूस असो, कुत्रं असो, सगळ्यांना अहो-जाहो.

खुर्च्यांची गोष्ट तर सगळ्या कोर्टात प्रसिद्ध होती. अशिलांसाठी आणलेल्या खुर्च्या त्यांच्या स्वतःच्या खुर्चीपेक्षा बोटभर बुटक्या निघाल्या. हे त्यांना सहन होईना. सुतार बोलावून स्वतःच्या खुर्चीचे पाय कापून घेतले. सुतारानं जरा जास्त कापले. मग अशिलांच्या खुर्च्या उंच झाल्या, म्हणून त्या कापल्या. त्यातली एक डुगडुगायला लागली, म्हणून सगळ्याच परत. असं करत करत त्या खोलीत सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागायला लागले. पण लागले ते सगळ्यांचे सारखे लागले, यात त्यांना आनंद.

मी पहिल्यांदा वर गेले तेव्हा ते उठून उभे राहिले. आयुष्यात मला बघून उठलेला तो पहिला पुरुष. छाती भरून आली. तेवढ्यात मागून चहावाला आला, त्याच्यासाठीही उठले. त्याच्यामागून गिरणीवाला किल्ली मागायला आला, पुन्हा उठले. माझा मान तिथल्या तिथं वाटला गेला. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की या माणसाकडून आपल्याला एकटीला असं काही मिळायचं नाही.

फीचंही तसंच. एकदा सांगायचे, तीच शेवटची, आणि एका प्रकारच्या कामाला सगळ्यांना तीच. मी जन्माची सौदे करणारी. सांगितलेल्या भावाला वस्तू घेतली तर मला रात्रभर झोप येत नाही. मी निम्म्यापासून सुरुवात केली. ते उठून उभे राहिले, हात जोडले, म्हणाले, "शेजारच्या गल्लीत दुसरे चांगले वकील आहेत. मी पत्ता देतो." मी रागानं जिना उतरले आणि गिरणीपाशीच थांबले. परत वर गेले आणि सांगितली तेवढी फी दिली. तेव्हापासून मनात होतं, या माणसाला एकदा तरी भावावर आणायचं.

मी भिगवणची. माझे वडील शेळ्या-मेंढ्यांचे व्यापारी होते. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून धंद्यातल्या सगळ्या खाचाखोचा त्यांनी मला शिकवल्या. नवरा ट्रकवर असायचा, महिना महिना यायचा नाही. वडील गेले तेव्हा माझ्याकडं दोन शेळ्या आणि त्यांचा पंचा उरला. पुढं जे केलं ते मी केलं. कुणाचा हात डोक्यावर नव्हता.

पंचा म्हणाले, ते मुद्दाम. आमच्या बाजारात भाव तोंडानं ठरत नसे. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहायचे, हातांवर रुमाल किंवा पंचा टाकायचा आणि त्याखाली बोटं धरून आकडा सांगायचा. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. भोवती शंभर माणसं असली तरी आकडा त्या दोघांतच. तोंडं दुसरीकडं वळलेली, जणू काही चाललेलंच नाही. वडिलांनी मला लहानपणी घोंगडीखाली हे शिकवलं होतं. माझ्याइतकं जलद बोट त्या पट्ट्यात कुणाचं नव्हतं, हे आजही सांगते.

पण मोठी झाल्यावर तो रुमाल मला बंद. बाईनं परक्या पुरुषाचा हात धरायचा? व्यापाऱ्यांच्या मंडळानं परवाना नाकारला. बाजार कुठला ते लिहीत नाही. तिथं आजही माझा धंदा आहे. नाकारताना कारणही दिलं, की बाईला बाजाराच्या रीतीनं सौदा करता येत नाही. जी रीत मला त्यांच्यापेक्षा बरी येत होती तीच! त्या रागानं मी बारामती गाठली.

वकीलसाहेबांना ती रीत समजून घ्यायची होती. पण अशील बाईचा हात धरायला ते तयार होईनात. मग मी गिरणीवाल्याचा हात धरला, वर रिकामं पोतं टाकलं आणि सौदा करून दाखवला. साहेबांना काही दिसेना. शेवटी त्यांनी डोकंच पोत्याखाली घातलं. पोतं पिठाचं. आत एवढ्या मोठ्यानं शिंकले की गिरणीवाल्यानं घाबरून माझी पाचही बोटं धरली. बाहेर आले ते भुतासारखे पांढरे, आणि म्हणाले, "समजलं. यात बाईला न येण्यासारखं काय आहे?"

त्यांना निकालांचा नाद होता. दळण घेऊन आलेल्या बाया पाळी येईपर्यंत जिन्यावर बसायच्या. साहेब वरच्या पायरीवर येऊन त्यांना निकाल सांगायचे, गोष्टीसारखे. त्या वेळी मंडलच्या निकालानं पेपर भरलेले असत, तर साहेबांनी राखीव जागा म्हणजे काय ते चाळणी आणि पिठानं समजावलेलं मला आठवतं. पण खरा जीव बायांच्या निकालांवर. एका विमान कंपनीत म्हणे नियम होता, हवाई सुंदरीला दिवस गेले की नोकरी गेली. एवढं सांगून थांबायचे. "आता बोला, काय निकाल द्याल?"

कन्हेरीची एक म्हातारी होती. ती म्हणाली, "ज्यानं ह्यो नियम केला, त्याच्या आयला आदी कोर्टात बोलवा. ती कुटल्या नोकरीवर व्हती इचारा."

साहेब गंभीरपणे म्हणाले, "हा मुद्दा तिथं कुणी मांडला नव्हता." मग खरा निकाल सांगायचे, की तो नियम कोर्टानं मोडून काढला. कधी बायांचा निकाल एक आणि कोर्टाचा दुसरा निघायचा. तेव्हा म्हणायचे, तुमचाच बरोबर होता.

त्या निकालांतल्या बाया त्यांना घरच्यासारख्या. विमानवाली, बापाच्या मिळकतीसाठी भांडलेली केरळवाली, लग्नाला सरकारची परवानगी लागते या नियमाविरुद्ध लढलेली परराष्ट्र खात्यातली. "विमानवालीच्या वेळी असंच झालं होतं," असं म्हणायचे, जणू ती कालच दळण घेऊन गेली. आणि मला त्या काळात ते नावानं हाक मारत नसत. "या, अर्जदार" म्हणत. मला ते भारी आवडायचं. मनात म्हणायची, आता थोडे दिवस. मग या जिन्यावर भिगवणवालीची गोष्ट सांगतील.

हायकोर्टात रिट दाखल झालं. साहेब स्वतः मुंबईला जाऊन आले. शेवटची सुनावणी तोंडावर आली आणि एक दिवस व्यापारी मंडळाचे अध्यक्ष जीप घेऊन माझ्या दारात. त्यांना सगळे तात्या म्हणत. मी त्यांना मासे खाऊ घातले. त्यांनी काटे बाजूला काढत विषय काढला.

"आक्का, केस मागं घी. परवाना देतो."

"आन जागा?"

"जागा बी देतो."

"हौदाजवळची, कोपऱ्याची."

तात्यांनी काटा ताटाच्या कडेला ठेवला. मग मान डोलावली. मी म्हटलं, अजून एक हाय. पयल्या बाजारी, समद्या लोकांसमोर, माझ्या पंच्याखाली पयला हात तुमी घालायचा.

"चारचौघांत?"

"चारचौघांतच."

"मग तू माझी भैन झालीस," तात्या म्हणाले. मी म्हटलं, झाले. आणि त्यांनी शब्द पाळला. भर बाजारात तात्यांनी माझ्या वडिलांच्या पंच्याखाली हात घातला, तेव्हा सगळा बाजार बघत होता. त्यानंतर कुणी नाही म्हणायची सोय उरली नाही. कोर्टानं निकाल दिला असता तरी लोकांनी हात घातला असता का? मला नाही वाटत. मी तो घालायला लावला.

मला वाटलं होतं साहेब खूश होतील. त्यांनी केस काढून घेत असल्याचा कागद तयार केला, माझी सही घेतली, उठून उभे राहिले आणि म्हणाले, "उत्तम सौदा केलात, आक्का."

अर्जदार नाही. आक्का. बाजारातले म्हणायचे तसं. मग ते पुस्तक घेऊन झटकायला गॅलरीत गेले.

पुढची काही वर्षं माझी होती. माझ्या बोटांची कीर्ती पार अकलूजपर्यंत गेली. "आक्का म्हंजी बाई न्हाय, व्यापारी हाय," असं व्यापारी म्हणायचे आणि मला ते गोड वाटायचं. का वाटू नये? कमावलं होतं मी ते.

मग निरवांगीची बाई आली. बौद्ध घरातली, नवरा झेडपीच्या शाळेत मास्तर होता, तो वारलेला. गोठ्यात पंधरा-वीस शेळ्या, त्याही चांगल्या जपलेल्या. बोलणं मऊ, पदर डोक्यावर. परवाना मागायला आली आणि मंडळानं तिला तेच सांगितलं जे मला सांगितलं होतं. ती म्हणाली, आक्कांना दिलाय की. ते म्हणाले, आक्कांची गोष्ट वेगळी. आणखीही एक कारण होतं, ते कुणी तोंडानं बोललं नाही. तिच्या वस्तीतल्या पुरुषांच्या हातावर रुमाल टाकतानाही काहींचे हात मागं राहायचे, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी तिला सांगितलं, तुझी जनावरं माझ्या हातानं विक, बाजारात जी दलाली चालते तीच घेईन. ती म्हणाली, "तुमचा हात नगं आक्का. मला माझा पायजे."

मला राग आला. मी म्हटलं, "मग जा बारामतीला. गिरणीवर वकील बसत्यात, त्यांना सांग."

पत्ता मी दिला. हे लक्षात ठेवा.

ती गेली. तात्या जीप घेऊन तिच्याही दारात गेले. परवाना देऊ केला, जागा देऊ केली. तिनं चहा दिला आणि नको म्हणाली. मंडळानं पुन्हा माणूस पाठवला, पुन्हा नको. तिला भाव करताच येत नव्हता, असं मी तेव्हा म्हणायची. अडून बसायला काय अक्कल लागते?

आणि मग निकाल लागला. बाई म्हणून किंवा जात म्हणून कुणालाही बाजार बंद करता येणार नाही, आणि ज्या रीतीमुळं माणसं बाहेर राहतात ती रीतही चालणार नाही. सौदा उघड्यावर, तोंडानं बोलून. मला रुमालाखाली हात घालायचा होता. तिनं रुमालच उचलून टाकला.

तुम्हाला कळतंय का माझं काय गेलं? तोंडानं भाव कुणीही ओरडतो. आवाज मोठा असला की झालं. ज्या बोटांवर मी घर बांधलं, त्या बोटांना आता बाजारात काम नव्हतं. वडिलांचा पंचा घडी करून ट्रंकेत ठेवला. निरवांगीची बाई हौदाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहून, मऊ आवाजात, भाव सांगायची. आणि लोक ऐकायचे.

त्या सुमारास बाजरीचं दळण घेऊन मी गिरणीत गेले. बारामतीत काम होतं, आणि खरं सांगायचं तर जिन्यावर काय चाललंय ते ऐकायचं होतं. साहेब वरच्या पायरीवर. "एका बाजारात हातावर रुमाल टाकून भाव करत," असं सुरू झालं. पंजा म्हणजे काय, तोंड कुठं वळवायचं, सगळं माझ्याच शब्दांत. पोत्याखालच्या शिंकेसकट. बाया हसून लोटपोट. मग ते म्हणाले, "आणि तिथं आली आमची निरवांगीवाली."

मी दळण तिथंच टाकून वर गेले. विचारलं, ह्यात मी कुटं हाय?

ते उठून उभे राहिले. "तुमचा निकाल नाही, आक्का. तुमची तडजोड आहे. तडजोड दोघांची असते. तात्या आणि तुम्ही."

"पयली केस माझी व्हती. रीत मी शिकवली. तिला पत्ता मी दिला."

"बरोबर आहे."

"तिच्याकडं कारणं दोन व्हती म्हणून ती कोर्टात जड भरली. बाई बी आन जात बी. माझ्याकडं एकच."

गिरणी नेमकी तेव्हाच थांबली. साहेबांचा आवाज चढलेला मी तेव्हाच काय तो ऐकला. चढलेला म्हणजे तरी किती, आपण जेवायला बोलावतो तेवढा. "तिचं दुसरं कारण तुम्हाला हवंय का? घेता बदलून?"

मी उतरले. दळण घ्यायचंही राहिलं. ते त्यांनी दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरबरोबर भिगवणला पाठवलं, वर चिठ्ठी नाही, काही नाही. अशा माणसाशी भांडावं तरी कसं?

तात्या वारले आणि मंडळात नवी माणसं आली. त्यांनी हौदाजवळची माझी जागा काढून घेतली. नवा अध्यक्ष माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, "आक्का, तुमची जागा कुठल्या नियमानं हाय? तात्यांची भैन म्हणून व्हती. तात्या गेलं." परवान्याचंही तेच, तात्यांनी शब्दावर दिलेला, तो पुढं चालू करायला मंडळ बांधील नाही. मी ओरडले, शिव्या दिल्या, मग भावावर आले, अर्धी जागा तरी ठेवा म्हटलं. तो हसला. घासाघीस करायला त्याला माझ्याकडून काही नकोच होतं.

पुन्हा तो जिना. साहेबांचे डोळे एव्हाना अधू झाले होते. मी दारात उभी राहिले तर मला आवाजावरून ओळखलं. तरी उठले. माझं सगळं ऐकलं, कपाटाकडं गेले, हातानं चाचपून एक पुस्तक काढलं आणि झटकलं. कुठलं ते मी न विचारता ओळखलं.

कोर्टात मनाईचा अर्ज चालला त्या दिवशी बाकावर निरवांगीची बाई येऊन बसली होती. कुणी बोलावलं नव्हतं. मला बघून सरकली, जागा केली. मी उभीच राहिले. साहेबांनी पान उघडून दिलं. तिचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, त्यांनी कोर्टात तोंडपाठ सांगितलं. न्यायाधीशांनी ते पान वाचलं, समोरच्या वकिलाकडं बघितलं आणि विचारलं, यानंतर तुमच्याकडं बोलायला काय उरतं? समोरच्यानं फाईल मिटली. माझ्या सगळ्या आयुष्याची भांडणं, आणि चहा गार व्हायच्या आत निकाल. तिच्या नावावर.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बरं झालं आक्का." मी हं म्हटलं. त्यापेक्षा जास्त माझ्याच्यानं झालं नाही. आजही होत नाही.

फी द्यायला गेले तेव्हा साहेबांनी पुस्तकं पोत्यांत भरायला घेतली होती. वकिली बंद करणार होते. मी विचारलं, "फी किती?" मला वाटलं नेहमीची सांगतील.

ते उठले. खुंटीवरचा काळा कोट काढला, झटकला, स्वतःच्या उजव्या हातावर टाकला आणि हात पुढं केला.

"घाला हात," म्हणाले.

"साहेब, ह्याला बंदी हाय. तुमीच आणली."

"बाजारात आहे. हे माझं ऑफिस आहे."

मी कोटाखाली हात घातला. हात कोरडा, पिठाळ. त्यांनी माझी बोटं धरली, पहिल्याच झटक्यात, स्वच्छ, एकही चूक नाही. इतकी वर्षं झाली तरी माणूस विसरला नव्हता. मी दुसरी बोटं धरली, खाली ओढलं. ते पुन्हा वर गेले. मी पुन्हा खाली. मी शिकवल्याप्रमाणं त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं होतं, जणू काही चाललेलंच नाही, आणि मी पोत्यांकडं बघत होते. चांगला सौदा केला त्यांनी. अडायचे तिथं अडले, सोडायचं तिथं सोडलं. शेवटी एक आकडा दोघांनी एकदम धरला. कोट उचलला आणि पुन्हा खुंटीला लावला.

निरवांगीची बाई बाजारात भेटते. तिचा निकाल कुठल्याही वकिलाच्या कपाटात आहे, ज्याला वाचायचा त्यानं वाचावा. साहेब वारल्यावर तिनं मला दोनदा विचारलं, "आक्का, साहेबांनी आकडा काय धरला व्हता?" हे तिला कुठून कळलं, देव जाणे, गिरणीवाल्यानं सांगितलं असेल. मी म्हटलं, रुमालाखालचं बाहेर सांगायचं नसतं.

तिच्याकडून साहेबांनी काय घेतलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेच, जे सगळ्यांकडून घ्यायचे. माझ्याकडून काय घेतलं ते फक्त त्यांना आणि मला.